नाताळची भेट : फराळाच्या ताटापासून घरपोच खोक्यापर्यंत

नाताळच्या आदल्या दिवसांत विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट दोन्ही हातांत धरून एका घरून दुसऱ्या घरी जाणारी मुले आमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. किंबहुना आम्हीच ती मुले होतो. ताटात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, केकचे चार तुकडे. गोव्यात या ताटाला 'कोंसोआद' म्हणतात. पोर्तुगालमध्ये हा शब्द नाताळच्या पूर्वसंध्येच्या रात्रभोजनाला लावला जातो. गोव्यात येऊन तो शेजाऱ्याला पाठवावयाच्या गोडाला लागला. मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत याच फराळाला 'कुस्वार' म्हणतात. 'नाताळ' हा आपला शब्दही पोर्तुगीज 'नाताल' वरून आला आहे. ताट ज्या घरी जाई त्या घराने ते रिकामे परत करावयाचे नाही, निदान मूठभर साखर तरी घालावयाची, ही रीत मात्र पोर्तुगीज नव्हे, ती इथल्या मातीतली आहे. दिवाळीला शेजारच्या हिंदू घरून फराळ येई आणि नाताळला आपल्या घरून जाई. या देवघेवीचा हिशेब कोणी लिहून ठेवत नसे, पण तो प्रत्येकाला तोंडपाठ असे.

आज नाताळची भेट म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे ताट येत नाही, पुठ्ठ्याचे खोके येते. हा बदल केव्हा, कसा आणि कोणत्या वाटेने झाला, याची माहिती आमच्या वाचकांना व्हावी म्हणून हा लेख. बदलाला केवळ बाजार जबाबदार आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु इतिहास तितका सरळ नाही.

ज्ञानी लोक, संत ऑगस्टीन आणि संत निकोलस

भेटीचा उगम आपण मत्तयच्या सुवार्तेतील पूर्वेकडील ज्ञानी लोकांच्या सोने, ऊद आणि गंधरस या अर्पणांत पाहतो. ते किती जण होते हे सुवार्तेत सांगितलेले नाही. भेटी तीन म्हणून राजे तीन, असे परंपरेने ठरविले. स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत मुलांना भेटी मिळतात त्या याच तीन राजांकडून, ६ जानेवारीला. गोव्यात रेइश मागुश, चांदोर आणि कासावली-कुएली येथे तीन राजांचा सण त्याच दिवशी मोठ्या थाटात होतो.

परंतु हिवाळ्यात भेटी देण्याची चाल ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. रोमन लोक डिसेंबरातील सॅटर्नेलिया उत्सवात मेणबत्त्या व मातीच्या लहान मूर्ती एकमेकांना देत आणि नववर्षाला 'स्ट्रेना' नावाच्या शुभेच्छा-भेटी वाटत. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी नववर्षाच्या एका प्रवचनात आपल्या लोकांना यावरूनच बजावले होते : ते लोक स्ट्रेना देतात, तुम्ही गरिबांना दान द्या. सणाच्या भेटी आणि गरिबाचे दान यांतील ओढाताण सोळाशे वर्षे जुनी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या काळाविषयी उगाच निराश होण्याचे कारण उरत नाही.

चौथ्या शतकातील मायराचे बिशप संत निकोलस यांची कथा सर्वश्रुत आहे. हुंड्याअभावी तीन मुलींचे आयुष्य उद्ध्वस्त होणार होते. बिशपांनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. १०८७ मध्ये त्यांचे अवशेष इटलीतील बारी येथे आणण्यात आले आणि पश्चिम युरोपात त्यांची भक्ती वाढली. हॉलंडमध्ये त्यांच्या सणाच्या पूर्वसंध्येला, म्हणजे ५ डिसेंबरला, मुलांना भेटी मिळू लागल्या. धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथर यांना संतांचा हा सण नको होता. भेटी आणणारा बाळ येशू होय, असे त्यांच्या परंपरेने मुलांना शिकविले, आणि भेटीचा दिवस ६ डिसेंबरवरून नाताळकडे सरकला. गंमत अशी की पुढे जर्मनी-ऑस्ट्रियातील कॅथलिक घरांनीही हाच बाळ येशू आपलासा केला.

निकोलसच्या कथेत देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला कळू नये अशी धडपड आहे. नंतरच्या काळातील भेटीत नाव, किंमत आणि वेष्टन हेच आधी दिसते. एका संताच्या नावाने चालत आलेल्या चालीत हा उलटा प्रवास व्हावा, हे आम्हाला विशेष वाटते.

वरून खाली, खालून वर

इंग्लंडमध्ये नाताळची भेट फार काळपर्यंत घरातल्या मुलांसाठी नव्हतीच. ती मालकाकडून नोकराला, जमीनदाराकडून कुळाला मिळे. २६ डिसेंबरला, संत स्टीफनच्या सणाला, नोकर, निरोपे आणि कारागीर आपली 'नाताळपेटी' मागत. त्यावरून त्या दिवसाचे 'बॉक्सिंग डे' हे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते. १८७१ च्या कायद्याने तो सुटीचा दिवस झाला. आपल्याकडे पोस्टमन व सफाई कामगार दिवाळीला आणि ख्रिस्ती वस्तीत नाताळला जी बक्षिसी मागतात, ती याच जातीची. आम्हाला ती कधीच भीक वाटली नाही. ज्याने वर्षभर दारात पत्र आणून टाकले त्याने वर्षातून एकदा आपले येणे वसूल करावे, यात गैर ते काय?

इंग्रजी अमलात हिंदुस्थानात मात्र भेटीची गंगा उलटी वाहू लागली. 'बडा दिन' आला की कंत्राटदार, संस्थानिकांचे कारभारी आणि हाताखालचे लोक साहेबाच्या बंगल्यावर 'डाली' घेऊन जात. टोपलीत किंवा तबकांत फळे, फुले, सुकामेवा, मिठाई असे. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या इंग्रजी-हिंदुस्थानी शब्दकोशातही या शब्दाची नोंद आहे. डालीत खाली काय दडले आहे, यावर तिचे वजन ठरे. आजच्या काळात कंपन्यांची गिफ्ट हॅम्पर्स बड्या ग्राहकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरी जातात तेव्हा डाली संपली असे म्हणवत नाही. तिचे फक्त वेष्टन बदलले.

न्यूयॉर्कमध्ये घडलेला नाताळ

आज जगभर दिसणारा नाताळ, म्हणजे झाड, सांताक्लॉज आणि मुलांच्या खेळण्यांचा ढीग, हा मुख्यतः एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आकाराला आला. तत्पूर्वी तेथील काही भागांत नाताळला चक्क बंदी होती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील प्युरिटन लोकांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास ५ शिलिंग दंड ठरविला आणि तो कायदा १६८१ पर्यंत राहिला. जेथे नाताळ होता तेथे तो रस्त्यावरचा, दारू आणि दंगामस्तीचा होता. गरीब टोळके श्रीमंताच्या दारात गाणी म्हणे आणि खाणेपिणे मागे. कधी मागे, कधी धमकावे.

अमेरिकन इतिहासकार स्टीफन निसेनबॉम यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की वाढत्या शहरातील या गोंधळाला घाबरलेल्या न्यूयॉर्कच्या सुखवस्तू लोकांनी नाताळ रस्त्यावरून उचलून घरात आणला. १८२३ मध्ये एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या आणि पुढे क्लेमेंट मूर यांच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या कवितेने संत निकोलसला बिशपाच्या वेषातून काढून घसरगाडीतल्या गोबऱ्या म्हाताऱ्याचे रूप दिले. यात महत्त्वाची गोष्ट ही घडली : पूर्वी भेट गरिबाला जात होती, ती आता आपल्याच मुलाला जाऊ लागली. घेणारा अजूनही दुर्बल आणि परावलंबी होता, पण तो आपल्या घरातला होता. आमच्या मते नाताळच्या भेटीच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण हेच. दुकाने नंतर आली.

ती आली मात्र वेगाने. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी पहिले छापील नाताळ-कार्ड काढले. त्याच्या मध्यभागी मेजवानीस बसलेले कुटुंब होते आणि दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देण्याची चित्रे. पुढच्या कार्डांतून बाजूची चित्रे गळत गेली, मेजवानी तेवढी राहिली. १८७० मध्ये अमेरिकन सरकारने नाताळला सुटी जाहीर केली. १८८० च्या सुमारास वूलवर्थ यांच्या दुकानांत जर्मनीतील काचेचे शोभेचे गोळे विकू लागले. व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी १८६३ पासून सांताक्लॉजची चित्रे काढली. कोकाकोलाने सांताला लाल रंग दिला असे जे आपल्याकडे सांगितले जाते ते खरे नव्हे. त्या कंपनीसाठी हॅडन संडब्लॉम यांनी १९३१ पासून काढलेल्या चित्रांनी ते रूप जगभर पक्के केले इतकेच. १९३३ मध्ये सिअर्स कंपनीने नाताळच्या खरेदीसाठी स्वतंत्र सूचीपुस्तक काढले. १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आभारदिनाचा सण आठवडाभर अलीकडे आणला, कारण व्यापाऱ्यांना नाताळच्या खरेदीसाठी अधिक दिवस हवे होते. सणाच्या तारखेपेक्षा विक्रीचे दिवस वरचढ ठरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

दुकानातल्या मुली

खरेदीच्या या लाटेखाली कोण दबले याची नोंद ठेवणारी माणसेही तेव्हा होती. डिसेंबरात मोठ्या दुकानांतील विक्रेत्या मुली आणि निरोपे पोरे रात्री उशिरापर्यंत राबत. नॅशनल कन्झ्युमर्स लीगच्या फ्लोरेन्स केली यांनी १९०३ च्या सुमारास याविरुद्ध लेखणी उचलली आणि 'खरेदी लवकर करा' ही मोहीम चालविली. हेतू एवढाच की शेवटच्या आठवड्याचा भार कामगारांवर पडू नये. व्यापाऱ्यांनी ती घोषणा आनंदाने उचलली आणि तिचा अर्थ 'खरेदी अधिक करा' असा करून टाकला!

१९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एलिनॉर बेलमाँट आणि ॲन मॉर्गन यांनी 'निरुपयोगी भेटी प्रतिबंधक संस्था' स्थापन केली. नाव विनोदी वाटते, कारण विनोदी नव्हते. दुकानांतील मुलींना आपल्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून वरिष्ठांना नाताळची भेट द्यावी लागे. नको म्हणण्याची सोय नव्हती. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही तिचे सदस्य झाले. संस्था काही वर्षांतच विस्मृतीत गेली, तिचा प्रश्न गेला नाही.

आज त्या मुलींच्या जागी पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला दुचाकीस्वार आहे. २४ डिसेंबरच्या रात्री आपण मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी निघतो तेव्हा तो कोणाच्या तरी विसरलेल्या भेटीचे खोके घेऊन जिना चढत असतो. त्यात आपल्याही धर्मग्रामातील तरुण असतात. अशा कामगारांना भारतीय कायद्यात 'गिग कामगार' म्हणून प्रथम स्थान मिळाले ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत.

आपल्याकडे

वसईच्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांत एकेकाळी नाताळची भेट म्हणजे नवे कपडे. भाताची कापणी आटोपलेली असे, हातात थोडा पैसा असे. एकाच ताग्यातून सर्व भावंडांचे कपडे बेतले जात, आणि ते पुढच्या वर्षीही यावेत म्हणून शिंपी काका शिवणीत कापड सोडून ठेवीत. मुंबईत नोकरीस असलेल्या नातलगाकडे जाताना सोबत सुकेळी नेली जात. खेळणी विकत घेणे ही कल्पनाच फारशी रूढ नव्हती. कोकणात सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे, बाहुल्या आणि भातुकली ज्यांच्या घरी आली ती मुले भाग्यवान समजली जात, आणि त्यांची भातुकली पुढे धाकट्या मावसबहिणीकडे जाई.

सत्तरच्या दशकापासून आखाती देशांत आणि जहाजांवर नोकरीस गेलेल्या आपल्या माणसांनी नाताळचे रूप बदलले. डिसेंबरात येणारी मोठी बॅग हीच भेट झाली. टेपरेकॉर्डर, घड्याळे, अत्तर, चॉकलेटे, दुधाच्या भुकटीचे डबे. बॅग उघडण्याच्या वेळी शेजारीही येऊन बसत. याला चंगळवाद म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. अकरा महिने मुलांचे तोंड न पाहिलेल्या बापाला आपली अनुपस्थिती कशात तरी भरून काढावयाची असे, आणि त्यासाठी त्याच्यापाशी बॅगेखेरीज काही नव्हते. तथापि ज्या घरी बॅग येत नसे त्या घरची मुले त्या संध्याकाळी लवकर झोपी जात, हेही आम्ही पाहिले आहे.

१ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर उपग्रह वाहिन्या आल्या, १९९९ मध्ये मुंबईत 'क्रॉसरोड्स' हा मॉल उघडला आणि पाहतापाहता नाताळ हा ख्रिस्ती नसलेल्या दुकानांचाही सण झाला. फ्लिपकार्ट २००७ मध्ये स्थापन झाली, ॲमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली. त्याच वर्षी १५ जुलैला तारसेवा बंद झाली आणि तिच्याबरोबर ठराविक क्रमांकाच्या ओळींतून जाणाऱ्या नाताळच्या शुभेच्छाही गेल्या. सजावटीचे तारे, झाडे, दिव्यांच्या माळा यांचा फार मोठा भाग आता चीनमधील यिवू शहरातून जगभर जातो. आपले गोठेही त्यातून सुटलेले नाहीत. १२२३ मध्ये ग्रेचो येथे संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव एवढ्यावर जो देखावा उभा केला, त्याच्या स्पर्धेसाठी काही ठिकाणी आता वर्गणीची पावतीपुस्तके निघतात.

हिशेब

१९९३ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी विद्यार्थ्यांना विचारले की मिळालेल्या भेटीसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते. उत्तरांवरून निघालेला निष्कर्ष असा की भेटीवर खर्च झालेल्या रकमेचा एक दशांश ते एक तृतीयांश भाग वाया जातो; घेणाऱ्याला ती वस्तू तेवढ्या मोलाची वाटतच नाही. रोख पैसे द्यावे हे बरे, असे यावरून अनेकांनी म्हटले. आम्हाला हे अर्धेच पटते. आपल्याकडे पाकीट देण्याची चाल लग्नात आहेच. आहेराची वहीही आहे, आणि त्या वहीत पाहूनच पुढचा आहेर ठरतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये जे मांडले, की भेट देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच असतात, ते आपल्या आजीला वही न उघडताही ठाऊक होते.

या बंधनाचे ओझे कोणावर पडते, हे थिओडोर कॅप्लो यांच्या अभ्यासातून दिसले. अमेरिकेतील मन्सी या शहरात शंभरावर व्यक्तींच्या मुलाखती घेऊन त्यांनी चार हजारांहून अधिक भेटींची नोंद केली. खरेदी, वेष्टन, कोणाला काय द्यावयाचे याची आठवण ठेवणे ही कामे बहुतांशी स्त्रियांनी केली होती. नेवऱ्या लाटणारे हात आणि मोबाइलवर सवलत शोधणारे हात आपल्याकडेही एकाच व्यक्तीचे आहेत.

आणि कर्ज. पूर्वी सणासाठी वर्षभर साठवीत. १९०९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील एका बँकेने 'नाताळ क्लब' काढला तोही आठवड्याला थोडे थोडे साठविण्यासाठी. आता वस्तू आधी येते आणि हप्ते ईस्टरनंतरही चालू राहतात. 'बिनव्याजी' या शब्दावर विसंबून घेतलेला एक हप्ता चुकला की दंड आणि व्याज दोन्ही सुरू होतात. नवा फोन मुलाच्या वर्गात सर्वांकडे आहे, म्हणून घेतला, असे सांगणारे पालक खोटे बोलत नसतात. तो दबाव खराच असतो. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. आपल्याकडे अशी सरसकट बंदी नाही. ती भिंत आईवडिलांनाच उभारावी लागते, आणि सर्वांना ती एकट्याने पेलत नाही.

ख्रिस्तसभेचे म्हणणे

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'सेन्तेसिमुस आन्नुस' (१९९१) या परिपत्रकात स्पष्ट केले की अधिक चांगले जगण्याची इच्छा ही चूक नव्हे. अधिक वस्तू असणे म्हणजेच चांगले जगणे असे मानणे ही चूक आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी डिसेंबर २००५ मध्ये आगमनकाळ व्यापारी प्रदूषणाने ग्रासला असल्याची खंत व्यक्त केली, आणि त्याच वेळी घराघरांत गोठा मांडण्याची शिफारस केली. पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' (२०१५) मध्ये बाजार माणसाला अनावश्यक खरेदीच्या भोवऱ्यात कसा ओढतो याचे विवेचन आहे. तिन्ही लेखनांत भेट देण्याला विरोध कोठेही नाही. ज्ञानी लोकांच्या हातचे सोने कोणी परत पाठविले नव्हते.

काही कुटुंबांनी यावर आपापले मार्ग काढले आहेत. मोठ्या घरांत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच भेट द्यावी अशी रीत रुजते आहे. पंधरा जणांच्या घरात दोनशे दहा भेटींच्या जागी पंधरा होतात. काही जण मुलांना आपल्या खेळण्यांतील एक चांगले, न मोडलेले खेळणे निवडून द्यावयास सांगतात. मोडकी खेळणी अनाथाश्रमात नेण्याची सवय आम्हाला मुळीच मान्य नाही. संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीच्या शाखा धर्मग्रामातील गरजू घरांची माहिती ठेवतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये धन्य फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी ही संस्था स्थापन केली तेव्हापासून तिची रीत घरी जाऊन भेटण्याची आहे. चर्चच्या दारात रांग लावून वाटप करण्याची नव्हे. फोटो काढण्याची तर मुळीच नाही.

ताटही अजून सर्वस्वी गेलेले नाही. ज्या घरी वर्षभरात कोणी गेले असेल तेथे त्या नाताळला कढई चढत नाही. दिवाळीत हिंदू घरांची जी रीत आहे तीच आपल्या अनेक गावांत ख्रिस्ती घरांचीही आहे : शेजारी आणि नातलग त्या घरी फराळ नेऊन देतात. तेथून ताट रिकामे आले तरी त्या वर्षी कोणी काही म्हणत नाही.